मुंबईचें नांव धारण करणारा सागरी कृमि

ठाण्याच्या खाडीचें पाणी ओहोटीला लागलें म्हणजे वाशीच्या पुलावरून जाणाऱ्या प्रवाशाला दोन्ही अंगांस काळ्या चिखलाचीं विस्तीर्ण मैदानें दिसूं लागतात. हिवाळ्यांत त्यांवर रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, आणि गाडींतील माणसें कौतुकानें खिडकीकडे वळतात. पक्षी उडून गेले कीं मागें नुसता चिखल उरतो. आणि चिखलांत पाहण्यासारखें कांहीं असेल असें फारसें कोणाच्या मनांत येत नाहीं. पण तोच चिखल ओंजळभर घेऊन बारीक चाळणींतून धुतला, तर चाळणीवर सुतासारखे, दोरीसारखे, पिसासारखे नाना प्रकारचे कृमि वळवळतांना दिसतात. शेतांत गांडूळ जें काम करतें, तेंच काम खाडींत हे कृमि करतात. कुजलेला पाला ते खातात, चिखल खालवर करतात, त्यांत प्राणवायु खेळवितात, आणि शेवटीं मासे, खेंकडे व पक्षी यांच्या पोटीं जातात. या उपेक्षित प्राण्यांस नांवें कोणीं दिलीं, कोणत्या नियमानें दिलीं, आणि तीं नांवें चुकलीं तर कोणाचें काय बिघडतें, हा प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

प्राण्यांच्या शास्त्रीय नामकरणाचा आरंभ स्वीडनमधील पंडित कार्ल लिनियस याच्यापासून मानतात. त्याच्या ‘सिस्टेमा नातुरी’ या ग्रंथाची दहावी आवृत्ति १७५८ सालीं प्रसिद्ध झाली, आणि त्या सालापूर्वींचें प्राण्याचें कोणतेंहि नांव शास्त्रांत धरीत नाहींत. लिनियसनें प्रत्येक जीवास दोन पदांचें लॅटिन नांव दिलें. पहिलें पद प्रजातीचें, दुसरें जातीचें. शाळेच्या हजेरीपटांत आधीं आडनांव आणि मागाहून मुलाचें नांव लिहावें, तशीच ही पद्धति आहे. तिची सोय इतकी स्पष्ट होती कीं थोड्याच काळांत ती सर्व युरोपानें उचलली.

परंतु सोय एक आणि वर्गीकरण दुसरें. लिनियसनें प्राण्यांचे सहा वर्ग केले : सस्तन, पक्षी, उभयचर, मासे, कीटक, आणि सहावा ‘व्हर्मिस’ म्हणजे कृमि. पहिल्या पांच वर्गांत जें बसलें नाहीं तें सारें त्यानें सहाव्यांत लोटलें. घरांत ज्या वस्तूस जागा नाहीं ती माळ्यावर टाकावी, तसा हा वर्ग होता. गांडूळ, जळू, शिंपला, गोगलगाय, तारामासा आणि प्रवाळ यांची त्यांत एकच गर्दी झाली. वास्तविक यांतील एक घोंटाळा त्यापूर्वींच उलगडला होता. हॉलंडांतील समुद्रबांधांचें लांकूड पोखरून १७३१ सालच्या सुमारास ज्या प्राण्यानें हाहाकार माजविला, त्यास सर्व खलाशी ‘जहाजाचा किडा’ म्हणत. सेलियस नांवाच्या विद्वानानें १७३३ मध्यें ग्रंथ लिहून दाखविलें कीं हा किडा नव्हेच, तो लांबट देहाचा एक शिंपला आहे. मुंबईच्या गोदींत सागवानी जहाजें बांधली जात, त्या काळीं तळाला तांब्याचे पत्रे ठोकीत, ते याच ‘किड्याच्या’ भयानें. नांवानें किडा आणि जातीनें शिंपला, असा हा प्रकार होता.

माळा आवरण्याचें काम फ्रान्समध्यें झालें. लामार्क या शास्त्रज्ञानें १८०२ मध्यें ज्यांचें अंग वलयावलयांचें असतें असे कृमि वेगळे काढून त्यांस ‘ॲनेलिडा’, म्हणजे वलयी प्राणी, अशी संज्ञा दिली. पुढें १८५० मध्यें ग्रूबे या जर्मन प्राणिशास्त्रज्ञानें त्यांतून ‘पॉलिकीटा’ म्हणजे बहुशूक कृमि निराळे केले. यांच्या प्रत्येक वलयाच्या दोन्ही बाजूंस ताठ केसांसारख्या शूकांचे झुपके असतात. आपल्या खाड्यांतील बहुतेक कृमि याच गटांतले. त्यांची ओळख पटविणें हें चिकाटीचें काम आहे. शूक साधा कीं सांधेदार, त्याचें टोंक आंकड्यासारखें कीं पात्यासारखें, जबड्यावरील कठीण दाणे कोणत्या भागावर किती, हें सर्व सूक्ष्मदर्शकाखालीं मोजावें लागतें. शिवाय पकडतांच कृमि आखडतो किंवा त्याचे तुकडे पडतात. म्हणून मारण्यापूर्वीं त्यास हळूहळू गुंगी आणावी लागते.

नांव देण्याचे नियमहि कडक आहेत. एका जातीस दोघांनीं दोन नांवें दिलीं असतील, तर सामान्यतः आधीं प्रसिद्ध झालेलें खरें ठरतें. नांवापुढें तें देणाऱ्याचें आडनांव व साल लिहितात. पुढें दुसऱ्या अभ्यासकानें ती जाति निराळ्या प्रजातींत नेली, तर मूळ नामकर्त्याचें नांव पुसून टाकीत नाहींत, तें कंसांत घालतात. सासरीं गेलेल्या मुलीच्या नांवामागें माहेर लपून असावें, तसा हा कंस असतो. सर्वांत महत्त्वाचा नियम नमुन्याचा. ज्या प्रत्यक्ष प्राण्यावरून वर्णन लिहिलें तो बरणींत राखून संग्रहालयांत ठेवतात. वर्णनांत संदिग्धता निघाली, तर शेवटचा साक्षीदार तोच.

हिंदुस्थानांत या विद्येचें मुख्य पीठ कलकत्त्यास होतें. एशियाटिक सोसायटीनें १८१४ मध्यें स्थापिलेल्या संग्रहालयांतून पुढें इंडियन म्यूझियम वाढलें. समुद्राची मोजणी करणाऱ्या ‘इन्व्हेस्टिगेटर’ या सरकारी जहाजानें तळांतून वर काढलेले प्राणी तेथें जमा होत गेले. १९१६ सालीं झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया ही संस्था निघाली आणि नेल्सन ॲनंडेल हे तिचे पहिले डायरेक्टर झाले. ओरिसांतील चिल्का सरोवराचा त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. तेथील बहुशूक कृमींचे नमुने आयर्लंडमधील रोलंड सदर्न यांच्याकडे गेले, आणि त्यांचा ग्रंथ १९२१ मध्यें निघाला. त्यांत कितीएक जाति शास्त्रास सर्वस्वीं नव्या होत्या. त्यांपैकीं एकीला त्यांनीं ग्रेव्हली या कलकत्त्याच्या प्राणिशास्त्रज्ञावरून ‘मार्फिसा ग्रेव्हलाय’ असें नांव दिलें. म्हणजे प्राणी हिंदुस्थानचा, पण त्याचें बारसें मात्र परदेशीं, अशी त्या काळची रीत होती.

या रीतीला मुंबईत एक लहानसा अपवाद घडला, आणि त्याची आठवण ठेवण्यासारखी आहे. मुंबईची रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स १९२० सालीं सुरू झाली. तेथें प्रो. पी. आर. आवटी हे प्राणिशास्त्राचे अध्यापक होते. मुंबईच्या कालवांवर राय यांच्यासह त्यांनीं लिहिलेला, १९३१ मध्यें प्रसिद्ध झालेला प्रबंध विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनीं वाचला. त्याच्या दोन वर्षें आधीं, १९२९ मध्यें, झूलॉजिकल सर्व्हेचे डॉ. बेनी प्रशाद आणि प्रो. आवटी या दोघांनीं मिळून इंडियन म्यूझियमच्या ग्रंथमालेंत एका नव्या सागरी कृमीचें वर्णन छापलें. प्रशाद पुढें त्या सर्व्हेचे डायरेक्टर झाले. कृमि मुंबईच्या किनाऱ्यावरचा होता, आणि त्याचें नांव त्यांनीं ठेवलें ‘थॅलासेमा बॉम्बेएन्सिस’, म्हणजे मुंबईचा थॅलासेमा.

हा प्राणी दिसावयास विलक्षण असतो. त्याच्या अंगावर वलयें नसतात. एखादी मऊ, फुगीर पिशवी असावी तसें शरीर, आणि पुढें चमच्यासारखी वा पन्हळीसारखी लांब सोंड. तो चिखलांत किंवा दगडांच्या फटींत बीळ करून राहतो आणि केवळ सोंड बाहेर पसरतो. सोंडेवरील सूक्ष्म केसांच्या हालचालीनें चिखलावरचे अन्नकण पन्हळींतून मुखाकडे वाहत येतात. मुखाच्या मागें पोटाच्या बाजूस दोन आंकड्यासारखे शूक असतात. एवढे दोन शूक सोडले तर बहुशूक कृमींशीं त्याचें कांहीं साम्य आहे असें वरवर पाहणाऱ्यास वाटणार नाहीं.

या एका नांवाच्या इतिहासांत वर्गीकरणाच्या सर्व अडचणी सांपडतात. थॅलासेमा हें पद ग्रीक भाषेंतील समुद्रवाचक शब्दावरून आलें आहे. पॅलास या निसर्गपंडितानें १७७४ मध्यें अशाच एका युरोपीय कृमीचें वर्णन करतांना त्यास सरळ गांडुळाच्या प्रजातींत घातलें होतें. मागाहून जातीचें नांवच प्रजातीस मिळालें. पुढें १८२८ मध्यें तांबड्या समुद्रांतील एका कृमीवरून र्‍यूपेल व लॉयकार्ट यांनीं ‘ओकेतोस्तोमा’ ही प्रजाति उभारली. तिचा अर्थ ‘पन्हळमुखी’. दोहोंतील भेद बाहेरून दिसत नाहीं. शरीर उघडून आंतील स्नायु पाहावे लागतात. थॅलासेमांत लांबीच्या दिशेचे स्नायु सलग पसरलेले असतात. ओकेतोस्तोमांत त्यांचे पट्टे बनलेले असतात आणि पट्टयांच्या मधून तिरपे स्नायु जुडग्याजुडग्यांनीं जातात. या कसोटीनें मुंबईचा कृमि थॅलासेमांतून निघून ओकेतोस्तोमांत गेला. आज तो ‘ओकेतोस्तोमा बॉम्बेएन्से’ या नांवानें नोंदला जातो, आणि प्रशाद व आवटी यांचीं नांवें १९२९ या सालासह कंसांत लिहिलीं जातात.

शेवटचें अक्षर कां बदललें, असा प्रश्न चौकस श्रोत्यांस पडेल. मराठींत ‘मुंबईचा’, ‘मुंबईची’, ‘मुंबईचें’ असें लिंगाप्रमाणें विशेषण बदलतें. लॅटिनमध्यें हि तोच कायदा आहे. ओकेतोस्तोमा हें पद नपुंसकलिंगी, म्हणून विशेषणहि नपुंसकलिंगी झालें. मात्र एक बदल शास्त्र होऊं देत नाहीं. १९९५ सालीं शहराचें अधिकृत इंग्रजी नांव मुंबई झालें, परंतु किड्याचें ‘बॉम्बे’ तसेंच राहिलें. शास्त्रीय नांव हें बिरुद नव्हे, ती खूण आहे; आणि खूण वारंवार हलविली तर ती खूण उरत नाहीं.

प्रजातीचा हा निवाडा झाला, तरी या सोंडवाल्या कृमींच्या सबंध गटाचें घर कोणतें, हा वाद अधिक काळ चालला. कात्रफाज या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८४७ मध्यें यांस इतर कांहीं कृमींबरोबर ‘जेफिरिया’ या गटांत घातलें. त्या शब्दांत पुलाचा अर्थ आहे. वलयी कृमि आणि समुद्रकाकडी यांना जोडणारा हा पूल आहे, अशी त्याची कल्पना होती. तो पूल टिकला नाहीं. १९४० मध्यें न्यूबी यांनीं अशा एका कृमीच्या गर्भावस्थेचा बारकाईनें अभ्यास केला आणि वलयें कोठेंच नाहींत म्हणून या गटाला ‘एकायूरा’ नांवाच्या स्वतंत्र संघाचा दर्जा दिला. पाठ्यपुस्तकांतून तो दर्जा अर्धें शतक चालला. १९९७ मध्यें डॅमनिट मॅकह्यू या संशोधिकेनें आनुवंशिक द्रव्याची तुलना करून दाखविलें कीं हे कृमि मूळचे वलयी प्राणीच आहेत. वलयें त्यांच्या पूर्वजांस होतीं, तीं पुढें लोपलीं. पुढील संशोधनानें हें मत दृढ केलें. अशा रीतीनें मुंबईचा कृमि लांबचा प्रवास करून ॲनेलिडांत परत आला. मुखामागील ते दोन शूक इतका काळ साक्ष देत होते, पण एकट्या त्यांच्या साक्षीवर निकाल लागला नाहीं.

हा इतिहास वाचून कोणी म्हणेल कीं हे पंडितांचे वाद. नांव बदललें म्हणून कृमीचें काय बिघडलें? कृमीचें कांहीं बिघडत नाहीं. बिघडतें तें त्या नांवावर विसंबून निर्णय घेणाऱ्यांचें. बहुशूक कृमींच्या बाबतींत हें विशेष स्पष्ट झालें आहे. फ्रान्समधील आंजे येथील पिएर फोव्हेल यांनीं १९३२ मध्यें इंडियन म्यूझियमच्या संग्रहाचें वर्णन केलें आणि १९५३ मध्यें ‘फॉना ऑफ इंडिया’ या मालेंत बहुशूक कृमींवरचा मोठा ग्रंथ लिहिला. भारतीय अभ्यासकांच्या हातीं तोच ग्रंथ राहिला, आणि त्याचे उपकार मोठे आहेत. परंतु एकच जाति जगांतील सर्व समुद्रांत असूं शकते, असा त्या पिढीचा समज होता. म्हणून भारतीय किनाऱ्यावरील कृमि युरोपच्या कृमीसारखा दिसला कीं त्यास युरोपचेंच नांव मिळे. १८१३ मध्यें माँटेग्यूनें इंग्लंडच्या डेव्हन किनाऱ्यावरून वर्णिलेला ‘मार्फिसा सँग्विनिया’ हा रक्तवर्णी कृमि अशा रीतीनें भारतासह साऱ्या जगाच्या याद्यांत जाऊन बसला. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत नमुने पुन्हा ताडून पाहिल्यावर एका नांवाखालीं अनेक भिन्न जाति निघाल्या. ‘मार्फिसा’ प्रजातींतच २०२० मध्यें चेन्नईकडच्या किनाऱ्यावरील एका कृमीस भारतीय, ऑस्ट्रेलियन व फ्रेंच अभ्यासकांनीं ‘मार्फिसा मद्रासी’ हें स्वतंत्र नांव दिलें. शहर चेन्नई झालें, तरी कृमि मद्रासीच राहिला.

नांव चुकल्यानें व्यवहारांत काय होतें, याचें उत्तम उदाहरण अमेरिकेंतील आहे. ‘कॅपिटेला कॅपिटाटा’ हा बारीक तांबडा कृमि १७८० मध्यें फॅब्रिसियसनें ग्रीनलंडहून वर्णिला. पाणी दूषित होऊन इतर प्राणी मेले तरी हा वाढतो. म्हणून तो जेथें उदंड, तेथें प्रदूषण, असा जगभर निकष बसला. १९६९ मध्यें मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर वेस्ट फॅलमथजवळ तेलाची गळती झाली, तेव्हां ग्रासल दांपत्यानें तेथील कॅपिटेलांचा अभ्यास केला. १९७६ मध्यें त्यांनीं सिद्ध केलें कीं ज्यास सर्वजण एक जाति समजत होते, त्यांत निदान सहा जाति आहेत. त्यांची प्रजननाची रीत व ऋतु वेगवेगळे होते. जी जाति संकटांत झपाट्यानें वाढते ती एक आणि जी तशी वाढत नाहीं ती दुसरी, हें न ओळखतां दोन्हींची एकत्र मोजणी केली, तर प्रदूषणाचें माप कसें बरोबर येणार? २००९ मध्यें ब्लेक यांनीं ग्रीनलंडच्या नमुन्यांवरून त्या जातीचें पुन्हा वर्णन केलें, आणि खरा ‘कॅपिटाटा’ हा उत्तरेकडील थंड पाण्याचा रहिवासी असल्याचें दिसून आलें. भारताच्या किनाऱ्यांवरील अहवालांत हि हें नांव आढळतें. ‘नांव सोनूबाई आणि हातीं कथलाचा वाळा’ या म्हणीची येथें कोणास आठवण झाली तर नवल नाहीं.

आतां पुन्हा ठाण्याच्या खाडीकडे वळूं या. १९७० मध्यें सिडको स्थापन झाली आणि आगरी-कोळ्यांच्या पंच्याण्णव गांवांच्या परिसरांत नवी मुंबई वसूं लागली. भातखाचरें, मिठागरें, खाजणें भरून घरें व रस्ते झाले. त्याआधींच ठाणें-बेलापूर पट्टयांत कारखाने आले होते. १९८९ मध्यें न्हावाशेवा बंदर सुरू झालें आणि परदेशीं जहाजें खाडीच्या तोंडाशीं येऊं लागलीं. जहाजें तोल राखण्यासाठीं पोटांत जें पाणी भरून आणतात, त्यांतून परक्या प्राण्यांचीं पिलें येतात. विशाखापट्टणला १९६७ मध्यें परका शिंपला ‘मायटिलॉप्सिस सॅलिआय’ दिसला, आणि पुढें तो मुंबई बंदरांत हि आढळला. या पाण्याविषयींचा आंतरराष्ट्रीय करार २००४ मध्यें ठरून २०१७ मध्यें अमलांत आला. परंतु चिखलांत सांपडलेला कृमि येथलाच, कीं जहाजाबरोबर आलेला, याचा निवाडा त्याच्या नांवावरच होतो. येथल्याच कृमीस युरोपचें नांव दिलें असेल, तर तो फुकट परका ठरेल. आणि खरोखर परका असेल तो घरचा म्हणून निसटेल.

कायद्यानें खाडीला कांहीं संरक्षण मिळालें आहे. २००५ मध्यें उच्च न्यायालयानें तिवरांची तोड थांबविण्याचा हुकूम दिला, २०१५ मध्यें खाडीचा कांहीं भाग रोहित अभयारण्य झाला, आणि २०२२ मध्यें ती रामसर यादींत आली. हें संरक्षण पक्ष्यांच्या नांवानें मिळालें हें योग्यच आहे, कारण पक्षी सर्वांस दिसतो. तथापि भरणी कोठें करावी, सांडपाणी कोठें सोडावें, पूल कोठें बांधावा, हें ठरवितांना चिखलांतील प्राण्यांची यादी मागतात. त्या यादींत जातीपर्यंत नांव न जातां नुसतें ‘बहुशूक कृमि, इतके’ असें लिहिलेलें असेल, तर पंचवीस वर्षांनीं तुलना करणाऱ्यास तिच्यापासून काय कळणार? संख्या तितकीच दिसेल, आणि मूळचे रहिवासी जाऊन तेथें दुसरेच आलेले असतील.

यावर उपाय फार खर्चाचा नाहीं. चाळणी, सूक्ष्मदर्शक, आणि बरणी यांवर प्रशाद व आवटी यांचें काम झालें; आज त्यांत आनुवंशिक द्रव्याच्या परीक्षेची भर पडली आहे. त्यासाठीं प्राण्याचा एक तुकडा आधींच निराळा काढून मद्यार्कांत ठेवावा लागतो, कारण फॉर्मालिननें तें द्रव्य बिघडतें. खाडीकांठच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या हातून हें काम होण्यासारखें आहे. मात्र नमुना जपून ठेवला पाहिजे, आणि बरणीवर स्थळ, तारीख व गोळा करणाराचें नांव लिहिलें पाहिजे. जातीचें नांव पुढें बदलेल, प्रजातीचें बदलेल, सबंध संघाची मांडणी हि कदाचित् बदलेल. १९२९ च्या कृमीचें तसेंच झालें, आणि तरी तो हरवला नाहीं. कारण त्याचें वर्णन काळजीपूर्वक छापून ठेवलेलें होतें, आणि तो मुंबईचा हें नांवांतच लिहिलेलें होतें.